मौनही अपराध ठरले

गुरुजींविरुद्ध तक्रार आली की, तिगाव असो वा राजुरा, पुष्कळदा उपाय एकच योजला जाई : पालकांची समजूत घालावयाची आणि गुरुजींची गुपचूप बदली करावयाची. अब्रू राखली जाई, ती शाळेची! नव्या गावातील मुलांचा विचार कोण करणार?

२०१२ च्या पोक्सो कायद्याने ही वाट अडविली. तो केंद्राचा असल्याने दोन्ही राज्यांस सारखाच लागू आहे. गुन्हा कळल्यास पोलिसांना कळविणे बंधनकारक झाले. हाताखालच्या माणसाचा गुन्हा न कळविणाऱ्या संस्थाप्रमुखास एक वर्षापर्यंत कैद व दंड. आरोप म्हणजे सिद्धता नव्हे, हे खरेच. परंतु तो निवाडा मुख्याध्यापकाच्या खोलीत व्हावयाचा नाही.

चंद्रपूर जिल्ह्यातील राजुऱ्यात २०१९ साली शाळेच्या वसतिगृहातील आदिवासी मुलींवरील अत्याचारांचे प्रकरण उघडकीस आले. मुलींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरावर माहिती दडविल्याचा आरोप होता. नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये त्याच्यावरील कारवाई रद्द केली. २ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरविला. ठाऊक असून न कळविणे हाच गंभीर गुन्हा, असे बजावले. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापुरात आरोपी सफाई कर्मचारी होता. तरी न कळविल्याबद्दल शाळाचालकांवरही गुन्हा नोंदला गेला.