भारत–बांगला देश वस्त्रव्यापार

भारत–बांगला देश वस्त्रव्यापार : कापूस, सूत, कापड व तयार कपडे यांची भारत आणि बांगला देश या शेजारी देशांमधील देवघेव. हे दोन देश एकमेकांना केवळ पक्का माल विकत नाहीत, तर वस्त्रनिर्मितीच्या निरनिराळ्या पायऱ्या त्यांच्यात वाटल्या गेल्या आहेत, हे या व्यापाराचे वैशिष्ट्य होय. कापसाचे पीक व सूतकताई यांत भारत आघाडीवर आहे, तर निर्यातीच्या कपड्यांच्या शिवणकामात बांगला देशाने मोठी मजल मारली आहे. त्यामुळे एका पायरीला संरक्षण देण्यासाठी सरहद्दीवर घातलेला निर्बंध पुष्कळदा त्याच देशातील दुसऱ्या पायरीवरील लोकांना जाचक ठरतो. १९४७ नंतरच्या इतिहासात या गोष्टीचा प्रत्यय वारंवार येतो.

पूर्वपीठिका : अविभक्त बंगालमधील डाक्का (ढाका) व सोनारगाव हा परिसर तलम मलमलीसाठी प्रसिद्ध होता. मेघना नदीच्या काठी पिकणाऱ्या ‘फुटी कार्पास’ या कापसापासून हे कापड तयार होई. इंग्रज प्रवासी राल्फ फिच याने १५८६ मध्ये सोनारगावला भेट देऊन तेथील सुती कापडाची प्रशंसा केली. पुढे मोगल दरबार, आशियाई व्यापारी आणि यूरोपीय कंपन्या हे या कापडाचे प्रमुख ग्राहक बनले. इंग्लंडने १७०० व १७२१ च्या कायद्यांनी भारतीय छापील कापडाच्या वापरावर निर्बंध घातले. त्यानंतर लँकाशरमधील यांत्रिक उत्पादनाची स्पर्धा सुरू झाली. १८२० च्या दशकात विलायती यंत्रसूत डाक्क्याच्या बाजारात येऊ लागले. घरोघरी सूत कातणाऱ्या स्त्रियांचा रोजगार त्यामुळे बुडाला. विणकर मात्र तेच स्वस्त सूत मागावर चढवून काही काळ तग धरून राहिले. बाहेरून आलेल्या सुतामुळे एका कारागिराचे नुकसान आणि दुसऱ्याची सोय व्हावी, हा प्रकार या प्रदेशात अशा रीतीने जुनाच आहे.

१८६२ मध्ये कलकत्ता–कुष्टिया लोहमार्ग सुरू झाला व १८७१ मध्ये तो गोआलंदोपर्यंत वाढविण्यात आला. तेथून आगबोटींनी पूर्व बंगालच्या नदीकाठच्या बाजारपेठा कलकत्त्याशी जोडल्या गेल्या. १९०५ च्या वंगभंगविरोधी चळवळीत विलायती कापडावर बहिष्कार पुकारला गेला, तेव्हा मुंबई व अहमदाबाद येथील गिरण्यांच्या धोतरांना व साड्यांना बंगालमध्ये मोठी मागणी आली. मागणी वाढताच गिरणीमालकांनी भाव वाढविले, अशी तक्रारही त्या वेळी बंगालमध्ये झाली. याच काळात १९०८ मध्ये कुष्टिया येथे मोहिनी मिल ही सूतगिरणी निघाली. तथापि पूर्व बंगाल मुख्यतः हातमागांचा प्रदेश राहिला आणि सूत व गिरणी-कापड यांसाठी तो बाहेरच्या पुरवठ्यावर अवलंबून होता.

फाळणीचे परिणाम : ऑगस्ट १९४७ मध्ये आखलेल्या सरहद्दीमुळे शेत व कारखाना यांची ताटातूट झाली. तागाच्या बाबतीत ती सर्वांत ठळक होती. उत्तम ताग पिकविणारे बहुतेक क्षेत्र पूर्व पाकिस्तानात गेले, तर गोणपाट व तरट विणणाऱ्या गिरण्या हुगळीच्या काठी भारतात राहिल्या. कापडाची स्थिती नेमकी उलट होती. टांगाइल, पाबना व नरसिंगदी या भागांत हजारो माग होते. परंतु त्यांना सूत पुरविणाऱ्या गिरण्या फारच थोड्या होत्या.

सप्टेंबर १९४९ मध्ये भारताने ब्रिटनपाठोपाठ रुपयाचे अवमूल्यन केले. पाकिस्तानने ते केले नाही. विनिमयदराच्या या वादातून दोन्ही देशांमधील व्यापार जवळजवळ ठप्प झाला आणि फेब्रुवारी १९५१ च्या करारानंतरच तो पुन्हा रुळावर आला. मधल्या काळात कलकत्त्याच्या गिरण्यांना तागाची टंचाई भासली आणि पूर्व बंगालच्या शेतकऱ्याचा नेहमीचा ग्राहक हातचा गेला. परिणामी भारताने प. बंगाल, आसाम व बिहारमध्ये तागाची लागवड वाढविली. पाकिस्तानने नारायणगंज येथे १९५१ मध्ये सुरू झालेल्या आदमजी गिरणीसारखे मोठे कारखाने उभारले. पूर्वी परस्परांना पूरक असलेले दोन प्रदेश अशा प्रकारे प्रतिस्पर्धी झाले. १९६५ च्या युद्धानंतर उरलासुरला व्यापारही बंद पडला व पूर्व पाकिस्तान कापूस आणि गिरणी-कापड यांसाठी पश्चिम पाकिस्तानवर अधिकाधिक विसंबून राहू लागले.

विणकरांचे स्थलांतर : मालाची वाहतूक थांबली, तरी कारागिरांची थांबली नाही. फाळणीनंतर आणि पुन्हा १९७१ च्या सुमारास टांगाइल भागातील बसाक आडनावाची अनेक विणकर कुटुंबे प. बंगालमध्ये आली. नडिया जिल्ह्यातील फुलिया व शांतिपूर आणि बरद्वान जिल्ह्यातील धात्रीग्राम व समुद्रगड येथे ती स्थायिक झाली. मूळ गावी राहिलेल्या विणकरांनीही आपला व्यवसाय चालू ठेवला. त्यामुळे एकच साडी एकाच नावाने सरहद्दीच्या दोन्ही बाजूंना विणली जाऊ लागली. जानेवारी २०२४ मध्ये भारतात ‘बांगलार टांगाइल साडी’ या नावाने भौगोलिक मानांकनाची नोंद झाली, तेव्हा बांगला देशात त्यावर तीव्र प्रतिक्रिया उमटली आणि पुढच्याच महिन्यात त्या देशाने टांगाइल साडीला स्वतःचे मानांकन दिले. टांगाइल हे गाव बांगला देशात आहे, हे निर्विवाद आहे. त्याचबरोबर फुलियाच्या विणकरांचे कसबही वारशानेच आलेले आहे. गावावर आधारलेल्या मानांकनाच्या चौकटीत, गाव सोडावे लागलेल्या कारागिरांचा हक्क कसा बसवावा, हा प्रश्न या वादाच्या मुळाशी आहे.

स्वातंत्र्योत्तर काळ व तयार कपड्यांचा उदय : बांगला देश स्वतंत्र झाल्यावर मार्च १९७२ मध्ये भारताशी व्यापारी करार झाला. त्यात सरहद्दीलगतच्या रहिवाशांसाठी मुक्त सीमाव्यापाराची तरतूद होती. परंतु तिच्या आडून चोरटा व्यापार बोकाळल्याच्या तक्रारींमुळे ती त्याच वर्षी रद्द करण्यात आली. नव्या राष्ट्राच्या सरकारने मार्च १९७२ मध्येच ताग व कापड गिरण्यांचे राष्ट्रीयीकरण केले.

या देशाच्या वस्त्रोद्योगाला खरी कलाटणी मिळाली, ती मात्र शिवणकामातून. १९७४ च्या बहुतंतू करारान्वये श्रीमंत देशांनी विकसनशील देशांकडून येणाऱ्या कापडावर व कपड्यांवर देशवार नियत वाटे (कोटा) ठरवून दिले. दक्षिण कोरियासारख्या देशांचे वाटे अपुरे पडू लागल्यावर तेथील उद्योजकांनी ज्यांच्यावर असे बंधन नव्हते अशा देशांकडे लक्ष वळविले. नूरुल कादेर यांच्या ‘देश गारमेंट्स’ या कंपनीने देवू या कोरियन उद्योगसमूहाशी सहकार्य केले व सु. १३० कर्मचाऱ्यांना १९७९ मध्ये कोरियात प्रशिक्षण दिले. यांपैकी अनेकांनी पुढे स्वतःचे कारखाने काढले. निर्यातीसाठी लागणारा कच्चा माल जकात न भरता गुदामात ठेवण्याची सवलत आणि परदेशी ग्राहकाच्या पतपत्राच्या आधारे कापड उधारीवर आणण्याची सोय, या दोन गोष्टींमुळे अल्प भांडवलावर हा धंदा वाढला. नियत वाट्यांची पद्धत १ जानेवारी २००५ रोजी संपुष्टात आली, तरी हा धंदा टिकला. तयार कपड्यांच्या निर्यातीत बांगला देश जगातील अग्रेसर देशांपैकी एक झाला. त्याच्या एकूण निर्यात-उत्पन्नाचा चार-पंचमांशाहून अधिक भाग कपड्यांतून येऊ लागला आणि लक्षावधी कामगारांना, विशेषतः खेड्यांतून आलेल्या स्त्रियांना, रोजगार मिळाला. या भरभराटीची दुसरी बाजू २४ एप्रिल २०१३ रोजी दिसून आली. डाक्क्याजवळील सावार येथील राणा प्लाझा ही इमारत कोसळून १,१०० हून अधिक लोक मृत्युमुखी पडले.

कापूस व सूत : बांगला देशातील कापसाचे उत्पादन गरजेच्या दोन टक्क्यांच्या आसपासच असते. बाकीचा कापूस आयात करावा लागतो. आफ्रिकेतील देश, ब्राझील व अमेरिका यांच्याबरोबर भारत हा त्याचा एक प्रमुख पुरवठादार आहे. बोनगावजवळील पेत्रापोल व पलीकडचे बेनापोल या ठाण्यांतून ट्रकने माल थोड्या दिवसांत पोहोचतो, हा भारताचा मोठा फायदा होता. दूर देशांतून समुद्रमार्गाने येणाऱ्या गाठींसाठी कारखानदाराला अधिक काळ भांडवल अडकवून ठेवावे लागते.

विदर्भ, मराठवाडा व खानदेश या कापूस पिकविणाऱ्या प्रदेशांचाही या व्यापाराशी संबंध येतो. कारण निर्यातीची मागणी वाढली म्हणजे कापसाच्या भावाला आधार मिळतो. भारत सरकारने ५ मार्च २०१२ रोजी कापसाच्या निर्यातीवर अचानक बंदी घातली. देशातील सूतगिरण्यांना कापूस पुरेसा व रास्त दराने मिळावा, हा तिचा हेतू होता. तत्कालीन केंद्रीय कृषिमंत्री शरद पवार यांनी शेतकऱ्यांच्या हिताच्या दृष्टीने तिला जाहीर हरकत घेतली व थोड्याच दिवसांत ती शिथिल करण्यात आली. त्यापूर्वी २०१० मध्येही निर्यात काही काळ रोखण्यात आली होती. अशा निर्णयांमुळे बांगला देशातील गिरण्यांना भारतीय पुरवठा बेभरवशाचा वाटू लागला व त्यांनी इतर देशांकडून खरेदी वाढविली.

भारताची बाजारपेठ : बांगला देशातील कपड्यांना भारतात प्रवेश देण्यास भारतीय कपडे-उत्पादकांचा दीर्घकाळ विरोध होता. प्रथम वर्षाला ८० लाख नग बिनशुल्क घेण्याचे मान्य झाले व २०११ मध्ये ही मर्यादा एक कोटी करण्यात आली. सप्टेंबर २०११ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या डाक्का भेटीत ४६ वस्त्रप्रकारांवरील आयात शुल्क रद्द झाले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये, मद्य व तंबाखू वगळता जवळजवळ सर्व माल अल्पविकसित सार्क देशांकडून बिनशुल्क घेण्याचे भारताने जाहीर केले. त्यानंतर बांगला देशात शिवलेले कपडे भारतीय शहरांतील दुकानांत मोठ्या प्रमाणात दिसू लागले. यांपैकी काही कपड्यांतील कापूस किंवा सूत मूळचे भारतीयच असे.

२०२५ मधील निर्बंध : ऑगस्ट २०२४ मध्ये बांगला देशात सत्तांतर झाल्यानंतर दोन्ही देशांचे संबंध ताणले गेले. बांगला देशाचा माल भारतीय बंदरे व विमानतळ यांमार्गे तिसऱ्या देशांत पाठविण्याची २०२० पासूनची सवलत भारताने ८ एप्रिल २०२५ रोजी काढून घेतली. त्याच महिन्यात बांगला देशाने सरहद्दीवरील ठाण्यांतून होणारी सुताची आयात थांबविली. स्वस्त भारतीय सुतामुळे आपल्या गिरण्या बंद पडतील, असे तेथील सूतगिरणीचालकांचे म्हणणे होते. होजिअरीचे कपडे करणाऱ्या कारखानदारांना मात्र तेच सूत हवे होते. १७ मे २०२५ रोजी भारताने बांगला देशातील तयार कपडे खुष्कीच्या मार्गाने आणण्यास मनाई केली व केवळ कलकत्ता आणि महाराष्ट्रातील न्हावा शेवा या बंदरांतून आयातीस मुभा ठेवली. जून महिन्यात ताग व विणलेले कापड यांच्या काही प्रकारांवरही असे निर्बंध आले. पूर्वी ट्रकने सीमा ओलांडून काही दिवसांत येणाऱ्या मालाला आता समुद्राचा लांबचा वळसा पडला. भारतीय कपडे-उत्पादकांना त्यामुळे दिलासा मिळाला, तर पेत्रापोल येथील ट्रकचालक, हमाल व मालवाहतूक दलाल यांचे काम घटले आणि बांगला देशात कपडे शिवून घेणाऱ्या भारतीय विक्रेत्यांचा खर्च वाढला.

पुढील प्रश्न : संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २०२१ मध्ये बांगला देश अल्पविकसित देशांच्या गटातून बाहेर पडण्यासाठी २४ नोव्हेंबर २०२६ ही तारीख निश्चित केली. यूरोपीय संघाने त्यानंतर आणखी तीन वर्षे जकातमाफी चालू ठेवण्याचे मान्य केले. अल्पविकसित देशांना आयात कापडापासून शिवलेल्या कपड्यांवरही ही सवलत मिळते. सर्वसामान्य विकसनशील देशांच्या बाबतीत मात्र कापड विणणे व ते शिवणे या दोन्ही क्रिया निर्यातदार देशात व्हाव्या लागतात. दक्षिण आशियातील शेजारी देशांत तयार झालेला माल काही अटींवर स्वतःचा म्हणून धरण्याची मुभा यूरोपीय संघाचे नियम देतात. त्यामुळे भारतीय सुताला व कापडाला बांगला देशात नवे महत्त्व येऊ शकते. या मुभेचा लाभ घेता येणे सरहद्दीवरील वाहतूक खात्रीची असण्यावर अवलंबून आहे. यवतमाळच्या कापूस-शेतकऱ्याला मिळणारा भाव आणि गाझीपूरच्या कारखान्यातील शिलाई कामगार स्त्रीचा रोजगार ज्या निर्णयांवर अवलंबून असतात, त्यांत व्यापारी धोरणाइतकाच या दोन देशांमधील राजकीय संबंधांचा वाटा राहिला आहे.