दारचे चित्र

छायाचित्रणाचा छंद आपल्याकडे कालचा नव्हे. कुर्ल्यावरून पहिली आगगाडी १८५३ साली धावली. पुढच्याच वर्षी मुंबईत छायाचित्रकारांची संस्था निघाली. भाऊ दाजींचे बंधू डॉ. नारायण दाजी तिचे सभासद होते. शंभर वर्षांनी आगफा क्लिक आमच्यासारख्यांच्या हाती आला. वेरूळ पाहून आलो की चित्रे मंडळींत फिरत. खटका उन्हावर ठेवला होता की ढगावर, यावर वाद रंगत. पण फिल्मवर चित्रे बाराच! त्यांत कुर्ल्याच्या स्वदेशी गिरणीला जागा कुठली? १८८६ साली टाटांनी घेतलेली ती गिरणी पुढे बंद पडली. वेरूळ आजही जागेवर आहे. गिरणीचा भोंगा गेला. म्हणून प्रवासाला निघताना पहिले चित्र आपल्या गल्लीचे घ्यावे आणि पाठीमागे तारीख घालावी.