'ला'ची खूण आणि पानाचा शेवट

गेल्या महिन्यात आमच्या गावच्या मशिदीच्या इतिहासावर चाळीसेक पानांची पुस्तिका तयार करत होतो. पैसे नव्हते, म्हणून वर्डमध्ये मीच टाइप केली. 'वक्फनामा' हे शीर्षक एका पानाच्या अगदी तळाला आलं आणि मजकूर पुढच्या पानावर गेला. मी चार वेळा एंटर मारून शीर्षक खाली ढकललं. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या पानावर दोन ओळी वाढवल्या, तर पुढची सगळी शीर्षकं हलली. कुठे अर्धं पान कोरं, कुठे शीर्षक पुन्हा लटकलेलं. भाचा शेजारी बसून बघत होता. म्हणाला, "मामू, एंटर मारून पान सांभाळता येत नाही. परिच्छेदाला नियम सांगावा लागतो."

मग त्याने ती खिडकी उघडून दाखवली. पॅराग्राफमध्ये 'लाइन अँड पेज ब्रेक्स' नावाचा भाग आहे. तिथे चार चौकोन. 'कीप विथ नेक्स्ट' म्हणजे हा परिच्छेद पुढच्यापासून तोडू नको, हा शीर्षकांसाठी. 'कीप लाइन्स टुगेदर' म्हणजे या परिच्छेदाच्या ओळी दोन पानांत वाटू नको. 'पेज ब्रेक बिफोर' म्हणजे हा नव्या पानावरच सुरू कर. आणि 'विडो/ऑर्फन कंट्रोल' म्हणजे परिच्छेदाची एकच ओळ पानाच्या माथ्यावर किंवा तळाशी एकटी पडू देऊ नको. नियम एकदा लावला की वर कितीही ओळी वाढवा, जे एकत्र राहायचं ते एकत्रच राहतं.

त्या रात्री ईशानंतर तिलावतीला बसलो आणि सूरह माऊनपाशी थांबलो. चौथ्या आयतीत नमाज पढणाऱ्यांचा धिक्कार आहे. कोणत्या नमाज्यांचा, ते पाचवी आयत सांगते: जे आपल्या नमाजबाबत गाफील आहेत त्यांचा. चौथीवर थांबलात तर अर्थ उलटा होतो. म्हणूनच आपल्याकडच्या कुरआनात चौथ्या आयतीच्या शेवटी वर बारीक 'ला' लिहिलेला असतो. ला म्हणजे 'नाही', इथे थांबू नका, पुढचं जोडून वाचा. भाच्याने दाखवलेला 'कीप विथ नेक्स्ट' याहून वेगळा काय आहे?

मीम असेल तर थांबणं आवश्यक, जीम असेल तर थांबलं तरी चालेल, ला असेल तर थांबू नये. थांब्यांच्या या खुणा लहानपणी मकतबमध्ये आपण सगळेच शिकलो. त्यांची पद्धत मुहम्मद इब्न तैफूर सजावंदी या 12व्या शतकातल्या विद्वानाच्या नावाशी जोडलेली आहे. ते गझनी परिसरातले. त्यांच्या खुणा वाचणाऱ्याच्या श्वासासाठी होत्या, कागदासाठी नव्हत्या. श्वास कुठेतरी तुटणारच. तो अर्थ मोडणार नाही अशा जागी तुटावा, एवढीच काळजी.

कागदाचा प्रश्न कातिबांपुढे आला. श्वासाप्रमाणे पानही कुठेतरी संपतंच. जुन्या अरबी-फारसी हस्तलिखितांत पानाच्या तळाशी, कोपऱ्यात, एक एकटा शब्द तिरपा लिहिलेला दिसतो. तो पुढच्या पानाचा पहिला शब्द असतो. त्याला रिकाब म्हणतात, म्हणजे घोड्याची रिकीब. त्यात पाय ठेवून वाचणारा पुढच्या पानावर चढतो. बांधणी सुटून पानं विखुरली तरी रिकाबावरून क्रम लावता येतो. लखनौच्या नवल किशोर प्रेसने 1858नंतर शिळाछापावर हजारो पुस्तकं काढली, त्यांतही हा शब्द दिसतो. पण रिकाब पान तुटणं थांबवत नाही. तुटलं ते कुठे जुळतं, एवढंच सांगतो.

तुटूच द्यायचं नाही, हा मार्ग उस्मानी तुर्कांच्या कातिबांनी टोकाला नेला. तिथे एक पद्धत स्थिर झाली: पानावर 15 ओळी, आणि प्रत्येक पान आयतीच्या शेवटालाच संपायचं. तिला 'आयत बर-किनार' म्हणतात, आयत काठावर. साधारण 20 पानांचा एक पारा. काइशजादे हाफिज उस्मान (मृत्यू 1894) यांनी हयातीत शंभराहून जास्त मुसहफ लिहिले, आणि त्यांच्या अशा मांडणीच्या छापील प्रती दूरवर पोहोचल्या. (17व्या शतकातले प्रसिद्ध हाफिज उस्मान वेगळे.)

ही गोष्ट वाटते तितकी सोपी नाही. कुरआनात 6236 आयती. काही दोन-तीन शब्दांच्या, तर सूरह बकराची 282वी, कर्जाच्या व्यवहाराची आयत, सगळ्यांत लांब. कातिबाला एक अक्षर वाढवता येत नाही, कमी करता येत नाही. वर्ड अशा वेळी काय करतो? परिच्छेद मावला नाही तर तो उचलून पुढे नेतो आणि मागे कोरी जागा सोडतो. कातिबाला तीही मुभा नाही, 15 ओळी भरल्याच पाहिजेत. म्हणून तो ती तूट किंवा दाटी आधीच्या सगळ्या ओळींत वाटून टाकतो. एखाद्या अक्षराची ओढ लांबवतो, एखादा शब्द दुसऱ्याच्या डोक्यावर बसवतो, शब्दांमधलं अंतर थोडं आवळतो. पानाच्या शेवटाचा हिशेब त्याला पहिल्या ओळीपासून ठेवावा लागतो.

आज जगभर दिसणारा मदिनेचा मुसहफ याच परंपरेतला. सीरियातले, हलबजवळ 1934 साली जन्मलेले उस्मान ताहा यांच्या हातचा तो आहे. 1988पासून ते मदिनेतच लिहितात. 604 पानं, 15 ओळी. त्यातलं 48वं पान उघडून पाहा. कर्जाची ती आयत त्या पानावर सुरू होते आणि त्याच पानावर संपते. पूर्ण पान, एकच आयत.

एवढा खटाटोप कशासाठी? हाफिजांसाठी. आमच्या मोहल्ल्यातले हाफिजसाहेब तरावीहमध्ये अडले की डोळे मिटतात. एकदा विचारलं, तर म्हणाले, "मला पान दिसतं. उजव्या बाजूचं, वरून तिसरी ओळ." त्यांनी लहानपणी 15 ओळींच्या 'हाफिजी' कुरआनावर हिफ्ज केलं. आयत पानाच्या काठावर तुटत असती, तर तिचं अर्धं चित्र एका पानावर आणि अर्धं पान उलटल्यावर राहिलं असतं. म्हणून उस्ताद मुलांना बजावतात की हिफ्ज पूर्ण होईपर्यंत प्रत बदलू नका.

युरोपच्या छापखान्यांतही हा प्रश्न होता. शिशाचे खिळे जुळवणारा जुळारी एकटी पडलेली ओळ पाहून शब्दांमधल्या फटी कमी-जास्त करायचा, नाहीतर लेखकाला एखादा शब्द कापायला सांगायचा. त्याच एकट्या ओळींना इंग्रजीत 'विडो' आणि 'ऑर्फन', विधवा आणि अनाथ, ही नावं मिळाली आणि तीच वर्डमध्ये आली. संगणकाला हा विवेक शिकवणाऱ्यांत डोनाल्ड क्नुथ यांचं नाव मोठं. आपल्या पुस्तकाची खराब जुळणी पाहून त्यांनी 1977 साली टेक ही प्रणाली लिहायला घेतली. तिच्यात पान कुठेही तोडता येतं, पण वाईट जागी तोडण्याला 'दंड' असतो. एकटी ओळ सोडली तर नेहमीच्या मांडणीत 150, आणि दंड 10000 ठेवला तर तिथे तोडायचंच नाही. सजावंदींच्या मीम, जीम, लामध्येही अशीच श्रेणी आहे: कुठे थांबणं चांगलं, कुठे चालेल, कुठे अजिबात नाही.

फरक एकच. यंत्राला ओळी मोजता येतात, अर्थ कळत नाही. कुठे ला लिहायचा हे सजावंदींना अर्थ समजून ठरवावं लागलं. वर्डमधला चौकोनही कोणीतरी मजकूर वाचूनच टिचकवावा लागतो.

मी पुस्तिका पुन्हा उघडली. वक्फनाम्यातलं मूळ वाक्य जमीन मशिदीला दिल्याचं होतं, आणि त्याच परिच्छेदाच्या शेवटी अट होती: उत्पन्नातून आधी गावातल्या विधवा आणि अनाथांना द्यावं. माझ्या मांडणीत दान एका पानावर होतं आणि अट पुढच्या. उद्या कोणी एकाच पानाची झेरॉक्स काढली असती, तर जमीन राहिली असती आणि विधवा-अनाथ गळले असते. मी परिच्छेद निवडला, 'कीप लाइन्स टुगेदर'वर टिचकी मारली. मागच्या पानावर सहा ओळींची कोरी जागा राहिली. राहू दिली.