इनकमिंगचे पैसे कोणी द्यायचे?

भारतातल्या मोबाइलचा इतिहास बहुतेक वेळा आकड्यांत सांगतात. कंपन्या किती आल्या, किती बुडाल्या, ग्राहक किती कोटी झाले. आज आपण तो वेगळ्या टोकाने धरू. एकाने फोन लावला, दुसऱ्याने उचलला. पैसे कोणी द्यायचे? प्रश्न बाळबोध वाटेल, पण आमच्या मते या बाजारातली स्पर्धा त्यातूनच नीट समजते.

३१ जुलै १९९५ रोजी मुख्यमंत्री ज्योती बसूंनी कलकत्त्याहून दिल्लीला दूरसंचारमंत्री सुखराम यांना देशातला पहिला मोबाइल फोन लावला. तेव्हा दर मिनिटाला सोळा रुपयांच्या घरात, आणि गंमत म्हणजे फोन घेणाऱ्यालाही पैसे. राँग नंबर आला तरी भुर्दंड आपल्यालाच. मग लोक काय करत? नंबर बघून फोन कट करत आणि पिवळ्या पाटीच्या पीसीओवरून उलटा फोन लावत.

स्पर्धा नव्हती का? कागदावर होती. प्रत्येक सर्कलमध्ये सुरुवातीला दोन खासगी कंपन्या. मुंबई एक सर्कल, महाराष्ट्र-गोवा दुसरे, म्हणून मुंबईचा फोन पुण्यात नेला की रोमिंग. बहुतेक सर्कलचे परवाने मोठमोठ्या बोली लावून घेतलेले, ते शुल्क भरताना कंपन्यांची दमछाक झाली. १९९९च्या धोरणाने ठरीव शुल्क काढून उत्पन्नातला वाटा घ्यायचे ठरवले. हा ‘उत्पन्न’ शब्द लक्षात ठेवा.

खरा पालट झाला मे २००३मध्ये. इनकमिंग फुकट. पैसे लावणाऱ्याने द्यायचे, आणि त्यातला काही भाग त्याच्या कंपनीने घेणाऱ्याच्या कंपनीला द्यायचा. तो किती, हे दूरसंचार नियामक प्राधिकरण, म्हणजे आपली ट्राय, ठरवणार. आम्ही याला नुसती दराची बाब मानत नाही. रंगारी, भाजीवाली, घरकाम करणाऱ्या बायका, ज्यांना बोलणे परवडत नव्हते, त्यांच्यापर्यंत आता दुसऱ्यांना पोचता येऊ लागले. मिस कॉल हे याच नियमाचे लेकरू. एक रिंग म्हणजे पोचलो, दोन म्हणजे खाली ये. निरोप गेला, पैसा नाही गेला.

२००५ संपता संपता ‘आजीवन’ योजना निघाल्या. ९९९ रुपये भरा, इनकमिंग जन्मभर. पण जन्म कोणाचा? ट्रायच्या आदेशातून निघाले ते असे, की कंपनीचा परवाना जिवंत आहे तोवर. आत्म्याच्या अमरत्वावर वर्षानुवर्षे शिकवले, इतके सोपे उदाहरण आम्हाला वर्गात कधी सापडले नाही!

पुढचे सगळ्यांना ठाऊक आहे. २००८मध्ये वाटलेले १२२ परवाने सर्वोच्च न्यायालयाने २०१२मध्ये रद्द केले. मधल्या काळात विक्रेत्यांची नुसती दाटी. २००९मध्ये सेकंदाला एक पैसा हा दर आला, २०११मध्ये नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची सोय झाली.

मग ५ सप्टेंबर २०१६, जिओ. बोलणे फुकट, आणि पहिले काही महिने इंटरनेटही फुकट. इथे जरा थांबू. ‘जिथे जिथे विक्रेते जास्त, तिथे तिथे स्वस्ताई’ ही व्याप्ती आपण धूर आणि अग्नीसारखी गृहीत धरतो. पण डेटा सर्वांत स्वस्त झाला तो एअरसेल, टेलिनॉर, टाटा, आरकॉम एकेक करून मिटत होते तेव्हाच. नैयायिक याला व्यभिचार म्हणतात, म्हणजे नियम मोडणारे उदाहरण. तेव्हा विक्रेते मोजून भागत नाही. विक्रेत्याला कोणाची मनधरणी करावी लागते, ते पाहावे लागते.

ऑक्टोबर २०१७मध्ये ट्रायने घेणाऱ्याच्या कंपनीला मिळणारा वाटा मिनिटाला १४ पैशांवरून ६ पैशांवर आणला. आता विचार करा. नुसते फोन घेणारा ग्राहक तोवर कंपनीला थोडे तरी मिळवून देत होता. तो वाटा आटला, फुकट बोलण्याशी स्पर्धा होतीच, आणि तो ग्राहक ओझे झाला. २०१८ सरता सरता जुन्या कंपन्यांनी किमान रिचार्ज आणला. २८ दिवसांना ३५ रुपये, नाहीतर काही दिवसांनी इनकमिंगही बंद. २००३ची सवलत गेली, आणि त्यावर मोर्चा निघाल्याचे निदान आम्हाला तरी आठवत नाही.

वर्षभरात ‘उत्पन्न’ परत आले. उत्पन्नात काय काय मोजायचे, हा वाद २४ ऑक्टोबर २०१९ला सर्वोच्च न्यायालयाने सरकारच्या बाजूने निकाली काढला. थकबाकीखाली व्होडाफोन आयडिया अशी वाकली की २०२३मध्ये सरकारच तिचे सर्वांत मोठे भागधारक झाले. उरल्या तीन खासगी कंपन्या आणि बीएसएनएल. एकीने दर वाढवले की बाकीच्या दोघी वाढवतात, हे आपण पाहतोच आहोत.

२८ दिवसांचा महिना म्हणजे वर्षाला तेरा रिचार्ज. २०२२मध्ये ट्रायने किमान एक तरी योजना ३० दिवसांची ठेवा म्हटले. डिसेंबर २०२४मध्ये आणखी एक आदेश आला, की ज्यांना इंटरनेट नको त्यांच्यासाठी नुसत्या बोलण्याची आणि एसएमएसची योजना काढा. बटणांचा फोन वापरणाऱ्या आजीसाठी ते बरे झाले. कंपन्यांनी योजना काढल्याही, ८४ दिवसांच्या आणि वर्षाच्या, स्वस्तातली स्वस्त चारशेच्या वर. पण आजीला दर महिन्याला थोडेथोडेच भरता येतात. एकदम चारशे काढता येतात, त्यांची अडचण मुळात वेगळी होती.