मालगुजारी तलाव आणि शेतातली बोडी



वर्ध्याहून नागपूरला जाताना वाटेत केळझरची गणपतीची टेकडी लागते. हा काळ्या मातीचा, कपाशीचा मुलूख. येथून पूर्वेकडे वैनगंगेच्या खोऱ्यात गेलात, की भाताचे गाव आणि गावाच्या वरच्या अंगाला मातीची पाळ घातलेला तलाव, ही जोडी भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या चारही जिल्ह्यांत दिसेल. असे हजारो तलाव तेथे आहेत, आणि ते सरकारने बांधलेले नव्हेत!

जंगल तोडून जो तलाव बांधील, त्याला त्या पाण्यावर भिजणारी जमीन मिळावी, असे चांद्याच्या गोंड राजांचे धोरण होते असे सांगतात. या कामात कोहळी समाजाचा हातखंडा. नवेगाव बांधच्या विस्तीर्ण जलाशयाचे श्रेय कोलू पाटील कोहळी यांना दिले जाते.

१८५४ साली नागपूरचे राज्य खालसा झाले. इंग्रजांनी पुढे सारा भरणाऱ्या मालगुजारांनाच गावाचे मालक ठरविले. फारसीत ‘माल’ म्हणजे महसूल व ‘गुजार’ म्हणजे अदा करणारा. जो नुसता अदा करणारा होता तो धनी झाला आणि तलावही त्याचा झाला. १८६२ साली नागपुरातून वेगळ्या झालेल्या आपल्या वर्धा जिल्ह्यातही हीच मालगुजारी होती.

या तलावांची रचना पाहण्यासारखी आहे. उताराला आडवी पाळ, जादा पाणी जाण्यासाठी सांडवा, शेताला पाणी देण्यासाठी मोरी. वरच्या तलावाचा सांडवा वाहू लागला की खालचा तलाव भरू लागतो. भाद्रपद-आश्विनात पावसाने दडी मारली, तर निसवणारे धान हेच पाणी वाचविते. पाळीची डागडुजी मालगुजार करवून घेई. त्यात वेठबिगारही होती, हे विसरून त्या काळाचे गोडवे गाणे मला पटत नाही.

१९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली व १९५१ साली तलाव सरकारजमा झाले. अन्यायी मालकी गेली हे योग्यच झाले. परंतु पाळीची रोजची काळजी कोणी घ्यायची? लहान तलाव पुढे जिल्हा परिषदांकडे आले. पाणीपट्टीचे वाद झाले, गाळ साचला, पोटात अतिक्रमणे झाली. सरकारी कागदांत आता त्यांना ‘मामा तलाव’ म्हणतात. माझ्या वर्गात एकाने विचारले, “सर, कोणाचे मामा?” वर्ग हसला, पण प्रश्न खोटा नव्हता. २०१७ पासून गाळ काढून शेतात टाकण्याची शासकीय योजना आली आहे.

याच भागात बोडी नावाचा आणखी एक प्रकार आहे. शेताच्या वरच्या कोपऱ्यात घातलेला छोटासा मातीचा बांध. बहुधा शेतकऱ्याच्या स्वतःच्या मालकीचा. तिला ना अभियंता, ना चौकीदार. पाऊस लागला की शेतकरी स्वतः फावडे घेऊन पाळीवरून फिरतो आणि खेकड्यांची बिळे चिखलाने बुजवितो.