देवीचा मान आणि बाईचा मान

गेल्या नवरात्रात एका खेड्यातल्या शाळेत बोलायला गेलो होतो. विषय होता गावोगावच्या देवींचा. व्याख्यान संपले, चहा झाला, आणि निघता निघता मागच्या रांगेतल्या एका पोक्त बाईंनी विचारले, "गुरुजी, तुम्ही म्हणता पूर्वी जिकडंतिकडं देवीच होती. मग तवा बायांचं बरं हुतं म्हणायचं का?" एस. टी.ची वेळ झाली होती. मी घाईघाईने "हो, असणारच" असे काहीतरी बोललो आणि निघालो. गाडीत बसल्यावर ते उत्तर माझे मलाच पटेना. म्हणून आज तो प्रश्न पुन्हा हाती घेतला आहे.

बाईंना जी शंका आली ती मोठमोठ्या पंडितांनाही आली होती, आणि त्यांतल्या पुष्कळांनी माझ्यासारखेच घाईने उत्तर दिले होते. स्वित्झर्लंडमधील बाखोफेन नावाच्या कायदेपंडिताने 1861 साली एक ग्रंथ लिहिला. मानवसमाजात आधी आईचे राज्य होते, बापाचे राज्य मागून आले, असे त्याचे म्हणणे. हे त्याने काढले ते ग्रीक-रोमन पुराणकथांवरून. कुदळ-फावड्याशी त्याचा संबंध नव्हता. पुढे जमिनीतून खरोखरच बायकांच्या मूर्ती निघू लागल्या. ऑस्ट्रियातल्या विलेनडॉर्फ गावाजवळ 1908 साली एक दगडी मूर्ती सापडली. उंची अवघी 11 सेंटिमीटर, अंगाने भरलेली, तोंडावळा मुळीच नाही, आणि वय सुमारे तीस हजार वर्षे. अशा मूर्ती युरोपात ठिकठिकाणी मिळाल्या. मग मारिया गिंबुटास या विदुषींनी 1974 पासून आपल्या ग्रंथांतून जुन्या युरोपचे एक चित्रच उभे केले : शेती करणारा, शांत, देवीला भजणारा आणि बाईला मानणारा समाज. चित्र मोठे सुंदर आहे. मलाही तरुणपणी ते फार आवडले होते.

पण जरा आपल्याच घरात डोकावून बघा. नऊ दिवस घट बसतो, माळ चढते, अखंड दिवा तेवतो. आणि त्याच घरात सगळ्यांची जेवणे उरकल्यावर सून खरवड काढून खाते. देवीचा मान आणि बाईचा मान एकाच छपराखाली राहतात, पण त्यांची ओळख असतेच असे नाही. आज जर असे आहे, तर तीन हजार वर्षांपूर्वीची देवीची मूर्ती हाती आली म्हणून त्या काळची बाई सुखी होती असे कसे म्हणावे?

देवी जुनी आहे, यात मात्र वाद नाही. मध्य प्रदेशात सिधी जिल्ह्यात बाघोर येथे दगडांचा एक गोल ओटा सापडला. त्याच्या मध्यावर एक त्रिकोणी दगड बसवलेला होता. त्याच्या अंगावर निसर्गतःच एकात एक त्रिकोणी रेघा आहेत. दहा हजार वर्षांहून जुनी गोष्ट. नवल असे की, त्या भागातले कोल आणि बैगा लोक तसलेच दगड ओट्यावर मांडून देवी म्हणून आजच्या काळातही पुजताना संशोधकांना दिसले. आपल्याकडे दामोदर धर्मानंद कोसंबी पुण्याभोवतीच्या डोंगरवाटा पायी तुडवत हिंडले. शेंदूर फासलेल्या तांदळ्यांच्या आसपास त्यांना अश्मयुगातली बारीक दगडी हत्यारे सापडत गेली, आणि 1962 च्या आपल्या ग्रंथात त्यांनी ती संगती मांडली. या देवींपैकी कित्येकींना मुळात नवराच नव्हता, तो मागून आला, हेही त्यांनी दाखवले. तेव्हा देवीचे ठीक आहे. बाईचे काय?

त्यासाठी मूर्ती बाजूला ठेवून घरे, कबरी आणि हाडे पाहावी लागतात. दोन गावांची हकीकत सांगतो.

पहिले गाव आपल्याच मुलखातले, पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी असलेले इनामगाव. डेक्कन कॉलेजच्या सांकलिया, ढवळीकर आणि अन्सारी यांनी 1968 ते 1983 अशी वर्षानुवर्षे तिथे खणणी केली. इसवी सनापूर्वी सुमारे 1600 ते 700 या काळात तिथे शेतकऱ्यांची वस्ती होती. कुडाच्या भिंती, शेणामातीची जमीन, मुख्य पीक सातूचे, आणि शेताला पाणी द्यायला खोदलेला पाटसुद्धा. घर बघितले तर परके वाटू नये असे.

यांतल्या एका घराच्या कोपऱ्यात, जमिनीखाली, मातीची एक लांबट पेटी पुरलेली निघाली. झाकण असलेली. तिच्याबरोबर बाईच्या दोन मूर्ती होत्या, एक डोके असलेली आणि एक बिनडोक्याची, शिवाय एक बैल. सगळे कच्च्या मातीचे, न भाजलेले. बिनडोक्याच्या मूर्तीच्या पोटाला एक भोक होते आणि बैलाच्या पाठीलाही. काडी घातली की देवी बैलावर बसते! पोरांच्या खेळण्यातला प्रकार म्हणावा, तर तो इतक्या जपून पेटीत घालून कोण पुरेल? उत्खनन करणाऱ्यांनी ती देवीच मानली, आणि मला ते पटते. अंगणातल्या कामापुरती मातीची मूर्ती करायची, पुजायची आणि मोडायची, ही रीत आपल्याला हरतालिकेवरून माहीत आहेच.

आता त्याच गावच्या कबरी बघा. माणूस गेले की त्याला घराच्या जमिनीखाली किंवा अंगणात पुरत. मोठ्या माणसाचे पाय घोट्याखाली तोडलेले असत. मेलेला उठून चालू लागू नये, म्हणून तसे करीत असावेत. परंतु एक पाच खोल्यांचे घर निघाले, गावातल्या सगळ्या घरांहून थोर. शेजारीच धान्याचे कोठार. त्या घराच्या अंगणात चार पायांचा, मोठ्या पोटाचा, कच्च्या मातीचा एक रांजण पुरला होता. त्यात चाळिशीच्या आसपासचा एक पुरुष मांडी घालून बसवलेला. त्याचे पाय मात्र शाबूत! हा गावचा कारभारी असावा असा तर्क आहे, कारण घर मोठे, कोठार जवळ आणि मरणाची रीतही वेगळी. तो रांजण गर्भार बाईच्या पोटासारखा दिसतो असेही काहींनी म्हटले आहे. असेल. पण रांजण आईच्या आकाराचा आणि आत बसलेला कारभारी पुरुष, हे ध्यानात ठेवा.

दुसरे गाव दूरचे, तुर्कस्तानात कोन्या शहराजवळचे. नाव चाताल-ह्युयुक. वय इनामगावच्या कितीतरी पलीकडचे, म्हणजे इसवी सनापूर्वी सुमारे 7100 ते 5950. घरांना गल्ल्या नव्हत्या. सगळी एकमेकांना चिकटलेली, आणि वर गच्चीतून शिडीने आत उतरायचे. 1961 ते 1965 या काळात तिथे जेम्स मेलार्ट यांनी खणले, आणि धान्याच्या कणगीत त्यांना एक मातीची मूर्ती मिळाली. आसनावर बसलेली दणकट बाई, दोन्ही हात दोन बाजूंच्या दोन मोठ्या मार्जारकुळातल्या जनावरांवर ठेवलेले. मेलार्टनी तिला महामाता ठरवले आणि जगभर तिचे नाव झाले. अंकाराच्या संग्रहालयात ती आहे. तिचे डोके मात्र आजच्या माणसांनी घडवून बसवलेले. मूळचे सापडलेच नाही. चित्रात तिचा चेहरा बघून भक्तिभाव दाटून आला तर एवढे लक्षात असावे.

1993 पासून इयन हॉडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे पंचवीस वर्षे काम केले, आणि महामातेचे आसन डळमळले. मातीच्या मूर्ती ढिगाने निघाल्या, पण बहुतेक जनावरांच्या. स्पष्ट बाईच्या म्हणाव्यात अशा फार थोड्या, आणि पुष्कळशा घरामागच्या उकिरड्यात टाकलेल्या. देवीला कोणी उकिरड्यावर टाकते का? म्हणजे देवी होती की नव्हती, हेच वादात पडले.

पण हाडे बोलू लागली ती निराळेच. माणसाने आयुष्यभर काय खाल्ले याची खूण हाडांत राहते. तिथे बायका आणि पुरुष यांच्या खाण्यात ठळक भेद आढळला नाही. बंद घरातल्या चुलीच्या धुराची काजळी बरगड्यांच्या आतल्या बाजूला सापडली, ती दोघांच्याही. बाई चुलीपाशी आणि बाप्या बाहेर, अशी वाटणी तिथे दिसत नाही. काही मृतांची डोकी काढून जपून ठेवीत. तो मानही दोघांना. मग 2025 साली शंभरावर सांगाड्यांच्या हाडांतून अनुवंश तपासल्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एका घराखाली पुरलेल्यांचे नाते लागते ते बहुधा आईच्या बाजूने. म्हणजे लेकी त्या त्या घराशी जोडलेल्या राहात, आणि मुलगे मोठेपणी दुसऱ्या घरी जात. आणि लहान मुलींच्या कबरींत मण्यांसारख्या वस्तू मुलग्यांच्या मानाने पाचपट आढळल्या. मुलगी मेली तर तिच्याबरोबर जास्त द्यावेसे त्या लोकांना वाटले. ही गोष्ट मी पहिल्यांदा वाचली तेव्हा क्षणभर थांबलो. मुलगी झाली म्हटल्यावर पडलेले चेहरे मी आमच्या नात्यात पाहिले आहेत.

यावरून तिथे बायकांचे राज्य होते असेही लगेच म्हणू नये. मेघालयातल्या खासी लोकांचे उदाहरण घ्या. कूळ आईवरून चालते, वडिलोपार्जित घर धाकट्या लेकीकडे जाते. पण गावाच्या दरबारात परंपरेने बसत आले ते पुरुषच. घर लेकीचे असणे ही एक गोष्ट आणि शब्द बाईचा चालणे ही दुसरी. मात्र घर लेकीचे असले, ताटात सारखे पडले, तर बाईच्या जगण्यात केवढा फरक पडतो, हे शेतकरी बायांना मी सांगायला नको.

तेव्हा त्या बाईंना आता असे सांगीन : देवीवरून बायांचं बरं होतं की नाही ते कळत नाही. जिथे देवी नक्की सापडली त्या इनामगावात मोठे घर पुरुषाचे निघाले. जिथे देवीचीच शंका, तिथे बाईचे ताट आणि बाईचे घर शाबूत निघाले.

आणि मग इनामगावच्या बाईने ती पेटी का पुरली असेल? ती बाईनेच पुरली, हा माझा अंदाज, पुरावा नाही. पण त्या गावच्या कबरींत फार मोठी संख्या लहान मुलांची आहे. दोन मडक्यांची तोंडे एकमेकांना जोडून त्यांत मूल ठेवायचे आणि घरातच जमिनीखाली पुरायचे. वर जमीन सारवून घ्यायची, त्याच जमिनीवर पुन्हा चूल पेटवायची, पुन्हा बाळंत व्हायचे. आमची आजी सटवाईपुढे पाचवीच्या रात्री कोरा कागद आणि लेखणी मांडून ठेवायची आणि दिवा विझू देत नसे. तिला घरात कोणी विचारत होते म्हणून ती देवीकडे गेली नव्हती. तिची तीन मुले गेली होती.