दक्षिणा ते फेलोशिप : एका विद्यावेतनाचा मागोवा

पुण्यात पर्वतीच्या पायथ्याशी पेशव्यांचा रमणा होता. श्रावणात तिथे ठिकठिकाणचे शास्त्री-पंडित जमत आणि दक्षिणा घेऊन परत जात. मान ब्राह्मणांचा, आणि त्यातही वेदशास्त्र शिकलेल्यांचा. विद्येला राज्याने पोसायचे ही रीत त्यातून पक्की झाली. कोणाला द्यायचे, किती द्यायचे हे मात्र देणाऱ्याने ठरवायचे. आज पीएच.डी. करणारी मुले ज्या फेलोशिपची महिनोन्‌महिने वाट पाहतात, तिचे महाराष्ट्रातले एक मूळ इथे आहे.

१८१८ मध्ये पेशवाई गेली, पण दक्षिणा एकदम बंद करण्याचे धाडस इंग्रज अधिकारी एल्फिन्स्टनने केले नाही. तिच्यातलाच काही पैसा वळवून ६ ऑक्टोबर १८२१ रोजी विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा उघडली. पुढे नवे दक्षिणेकरी घेणे थांबले आणि शिल्लक वाढू लागली. या शिलकीचे काय करायचे, हा प्रश्न १८४९ मध्ये पुण्यातल्या तरुणांनी उचलला. लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख त्यांत पुढे होते. दक्षिणेचा काही भाग मराठीत उपयुक्त ग्रंथ लिहिणाऱ्यांना द्यावा, आणि देताना जात पाहू नये, असा अर्ज त्यांनी सरकारला केला. सनातनी मंडळी खवळली. अर्जदारांना धमक्या आल्या, तेव्हा जोतीराव फुल्यांनी महार-मांग साथीदार गोळा करून त्यांना संरक्षण दिले, असे फुल्यांचे चरित्रकार सांगतात. १८५१ मध्ये ग्रंथांना बक्षिसे देणारी दक्षिणा प्राइझ कमिटी उभी राहिली. विद्येच्या पैशाचे नियम बदलावेत म्हणून शिकलेल्या तरुणांनी स्वतः अर्ज करावा, आणि तो निदान अंशतः मान्य व्हावा, असे आपल्याकडे बहुधा प्रथमच घडले. मला या सगळ्या वंशावळीत हाच क्षण सर्वांत मोलाचा वाटतो.

त्याच निधीतून पुढे दक्षिणा फेलोशिप आली. हुशार विद्यार्थ्याने पुढे शिकावे, खालच्या वर्गांना थोडे शिकवावे आणि त्याबद्दल त्याला दरमहा वेतन मिळावे, अशी ही योजना. रामकृष्ण गोपाळ भांडारकर आणि महादेव गोविंद रानडे दोघेही दक्षिणा फेलो होते. गोपाळ गणेश आगरकर एम.ए. करताना डेक्कन कॉलेजात फेलो होते. एकोणिसाव्या शतकातल्या महाराष्ट्राच्या विचाराचा केवढा भाग या वेतनावर उभा राहिला, हे ही तीन नावेच सांगतात.

पण रानड्यांच्या चरित्रांत एक प्रसंग येतो, तोही इथे नोंदवायला हवा. विद्यार्थी असताना त्यांनी एका निबंधात मराठ्यांच्या राज्याची इंग्रजी राज्याशी तुलना केली आणि ती इंग्रजांना अनुकूल नव्हती. प्राचार्य अलेक्झांडर ग्रँट यांनी त्यांना बोलावून समज दिली आणि सहा महिन्यांसाठी त्यांची शिष्यवृत्ती थांबवली. एवढ्या बुद्धिमान विद्यार्थ्यालाही दाद मागायला जागा नव्हती. देणारा बदलला, तरी त्याचा अधिकार पूर्वीसारखाच अमर्याद राहिला.

१८५७ चे मुंबई विद्यापीठ सुरुवातीला केवळ परीक्षा घेणारे होते. एम.ए.चा विद्यार्थी कॉलेजचा असे, त्यामुळे विद्यापीठात त्याच्या बाजूने बोलणारे कोणी असावे हा विचारच नव्हता. १९०४ च्या विद्यापीठ कायद्याने विद्यापीठांना शिकवण्याची मुभा मिळाली. नोंदणीकृत पदवीधरांनी निवडून दिलेले प्रतिनिधी सिनेटमध्ये, म्हणजे अधिसभेत, बसू लागले. म्हणजे शिकून बाहेर पडलेल्याला मत मिळाले, आत शिकत असलेल्याला नाही. १९१९ मध्ये पॅट्रिक गेडिस यांच्या हाताखाली मुंबईत समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला आणि विद्यापीठाचा स्वतःचा पदव्युत्तर विद्यार्थी दिसू लागला, तरीही हे बदलले नाही.

संस्थानांचा धागा वेगळा. १९१३ मध्ये सयाजीराव गायकवाडांनी भीमराव आंबेडकरांना कोलंबियासाठी तीन वर्षांची शिष्यवृत्ती दिली. दरमहा साडेअकरा पौंड, आणि परतल्यावर दहा वर्षे बडोद्याची चाकरी करण्याचा करार. ही मदत नसती तर पुढचा इतिहास वेगळा झाला असता, याबद्दल कोणाला शंका नसावी. पण १९१७ मध्ये वाढीव मुदतही संपली तेव्हा आंबेडकर लंडनमध्ये संशोधनात होते, आणि ते अर्धे टाकून त्यांना परतावे लागले. पुन्हा लंडन गाठायला १९२० उजाडले. सिडनहॅम कॉलेजातल्या पगारातून शिल्लक टाकली, शाहू महाराजांनी मदत केली, मित्राकडून कर्ज घेतले. डी.एस्‌सी. मिळाली १९२३ मध्ये. शिष्यवृत्तीची मुदत आणि संशोधनाला लागणारा वेळ यांचा मेळ बसला नाही की काय होते, हे इतक्या मोठ्या माणसाच्या आयुष्यात तारखांसह लिहिलेले आहे. मॅट्रिकनंतरच्या दलित विद्यार्थ्यांसाठी १९४४ मध्ये सरकारी शिष्यवृत्ती सुरू झाली, त्यामागे आंबेडकरांचाच आग्रह होता.

स्वातंत्र्यानंतर देणारा हात विद्यापीठ अनुदान आयोगाचा झाला. १९८४ पासून राष्ट्रीय परीक्षेतून ज्युनियर रिसर्च फेलोशिप, म्हणजे जेआरएफ, मिळू लागली. तिची रक्कम २०१४ अखेर २५,००० रुपये झाली, २०१९ मध्ये ३१,००० आणि २०२३ मध्ये ३७,०००. २०१९ ची वाढ आपसूक आली नाही. त्याआधी पुण्या-मुंबईच्या प्रयोगशाळांसह देशभरातले संशोधक रस्त्यावर उतरले होते. केंद्रीय विद्यापीठांत ही राष्ट्रीय परीक्षा, म्हणजे नेट, उत्तीर्ण नसलेल्यांना मिळणारी ८,००० रुपयांची फेलोशिप ऑक्टोबर २०१५ मध्ये आयोगाने बंद करायचे ठरवले, तेव्हा विद्यार्थी दिल्लीत आयोगाच्या दारात ठाण मांडून बसले. ती वाचली, पण रक्कम पुढे वर्षानुवर्षे ८,००० च राहिली. आपल्याकडे राज्य सरकारच्या बार्टी, सारथी, महाज्योती या संस्थांनी ज्या घरांत आजवर कोणी पीएच.डी. केली नव्हती त्या घरांपर्यंत फेलोशिप नेली. हे मोठे काम आहे. तरी २०२३ मध्ये बार्टीच्या फेलोशिपसाठी संशोधकांना आझाद मैदानावर आठवडेच्या आठवडे बसावे लागले.

प्रत्येक वेळी रस्त्यावर का यावे लागते? आत बसायला खुर्ची नाही म्हणून. मुंबईत १९८९ मध्ये एका विद्यार्थी नेत्याचा खून झाला, आणि १९९४ च्या विद्यापीठ कायद्यानंतर महाराष्ट्रात विद्यार्थ्यांच्या खुल्या निवडणुका जाऊन गुणवत्तेवर प्रतिनिधी नेमण्याची पद्धत आली. २०१६ च्या कायद्याने निवडणुका परत आणल्या. २०१९ मध्ये वेळापत्रक आले, विधानसभेच्या निवडणुकीमुळे ते पुढे ढकलले गेले, मग कोविड आला आणि निवडणुका राहूनच गेल्या. देशपातळीवर विद्यार्थी निवडणुकांबाबतच्या लिंगडोह समितीच्या शिफारशी २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लागू केल्या. त्यांत संशोधक विद्यार्थ्याला उमेदवारीसाठी वयाची मर्यादा आहे २८ वर्षे. जेआरएफ मिळण्याची मर्यादा मात्र आता ३० आहे, आणि पीएच.डी.ला सहा वर्षांपर्यंत मुदत आहे. एकोणतिसाव्या वर्षी फेलोशिप मिळालेली मुलगी संशोधन करू शकते, प्रतिनिधी होऊ शकत नाही. आयोगाच्या २०२३ च्या तक्रार निवारण नियमांत समितीवर विद्यार्थी आहे, पण तोही नेमलेला आणि विशेष निमंत्रित.

संशोधकाची अडचण बी.ए.च्या विद्यार्थ्यासारखी नसते. हजेरीपासून सहामाही प्रगती अहवालापर्यंत त्याचे सगळे कागद एका गाइडच्या सहीतून जातात. घरभाडे भत्ता अडला, संशोधन खर्चाची कंटिन्जन्सी अडली, प्रबंधाचा सिनॉप्सिस पडून राहिला, तर तक्रार ज्याच्याविरुद्ध करायची त्याच्याच हाती संशोधकाचे पुढचे आयुष्य असते. अशा माणसाला एकट्याने बोलायला लावणे अन्यायाचे आहे. त्याच्या वतीने बोलणारा, संशोधकांनीच निवडलेला माणूस विभागाच्या संशोधन समितीत आणि फेलोशिप ठरवणाऱ्या मंडळात हवा, आणि २८ ची अट काढायला हवी.

महाराष्ट्रातल्या विद्यापीठांच्या सिनेटवर आजही नोंदणीकृत पदवीधरांच्या दहा जागा आहेत. तुम्ही पदवीधर असाल तर नाव नोंदवा, आणि मत मागायला येणाऱ्या उमेदवाराला विचारा, की संशोधक विद्यार्थ्यांसाठी सिनेटमध्ये तो कोणता ठराव मांडणार आहे.